कडाक्याच्या थंडीत मोठे निवडुंग जपताना

डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेकडचे कोरडे वारे वाहू लागले, की निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात नोंदलेले तापमान दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ठळकपणे झळकते. काही हिवाळ्यांत ते चार अंशांच्याही खाली गेलेले आहे. अशा सकाळी गवतावर, द्राक्षाच्या पानांवर आणि ठिबकच्या नळ्यांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसतो. द्राक्ष बागायतदारांना अशा रात्री काय करायचे ते अनुभवाने ठाऊक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत नाशिक परिसरातील बंगल्यांच्या, रिसॉर्टच्या आणि वाइनरींच्या आवारांत पुरुषभर उंचीचे खांबासारखे निवडुंग आणि मिठीत न मावणारे सोनेरी गोल निवडुंग मोठ्या हौसेने लावले जात आहेत. द्राक्षबागेत चालणारे थंडीचे उपाय या झाडांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत; त्यांतले काही उपयोगी पडतात आणि काही झाडाच्या जिवावर उठतात. हा फरक ध्यानात येण्यासाठी थंडी झाडापर्यंत कशी पोहोचते, येथून सुरुवात करावी लागेल.

हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत, वरून झाकलेला असतो. त्यामुळे बातमीत येणारा आकडा हा सावलीतल्या हवेचा असतो, उघड्यावरच्या झाडाचा नसतो. रात्री आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, म्हणजे जमीन, पाने, खोड असे प्रत्येक उघडे पृष्ठ आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीच उष्णता परत खाली पाठवली असती. ते नसल्यामुळे ती निघून जाते आणि हे पृष्ठ आजूबाजूच्या हवेहूनही काही अंशांनी गार होते. पेटीतला पारा चार अंशांवर असताना गवतावरचे दव गोठते, ते यामुळेच. याचा सरळ अर्थ असा, की उघड्या माळावर लावलेल्या निवडुंगाच्या शेंड्याला बातमीतल्या आकड्यापेक्षा अधिक थंडी सोसावी लागते, तर झाडाच्या फांदीखाली किंवा पडवीच्या छपराखाली असलेल्या निवडुंगाला तेवढी सोसावी लागत नाही, कारण त्याच्या डोक्यावर थंड आकाशाऐवजी तुलनेने उबदार छप्पर असते.

गार हवा जड असल्यामुळे ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि सखल जागी साचते. गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यातल्या सपाट, मोकळ्या शेतशिवारात नाशिक शहरापेक्षा जास्त थंडी पडते, त्यामागे हे एक कारण आहे. शहरातील दगड, सिमेंट आणि डांबर दिवसभर तापून रात्री ऊब सोडत राहतात, हे दुसरे. एकाच आवारातसुद्धा असा फरक पडतो. उताराच्या तळाशी पक्की भिंत असेल, तर तिच्या वरच्या बाजूला गार हवा अडून राहते आणि नेमक्या त्या कोपऱ्यातला निवडुंग काळवंडतो, तर वीस पावलांवरचा दुसरा हिरवागार राहतो. उलट, काळ्या दगडाच्या भिंतीच्या दक्षिणेला लावलेल्या झाडाला हिवाळ्यातले कलते ऊन दिवसभर मिळते आणि रात्री तीच तापलेली भिंत त्याला ऊब देते. माझ्या मते मोठा निवडुंग लावण्यापूर्वी जागेची एवढी पारख केली, तर पुढच्या निम्म्या खटपटी वाचतात, कारण मोठे झालेले झाड काही हलवता येत नाही.

वाळवंट म्हणजे उष्णता, असे आपण गृहीत धरतो. पण वाळवंटातल्या कोरड्या हवेत बाष्प कमी असल्यामुळे रात्रीची उष्णता फार वेगाने निघून जाते. अमेरिकेतील अॅरिझोना राज्य आणि मेक्सिकोचा सोनोरा प्रांत यांत पसरलेले सोनोरन वाळवंट हे सग्वारो या महाकाय निवडुंगाचे घर आहे. बारा मीटर आणि त्याहूनही उंच वाढणारे, दीडशे वर्षांहून अधिक जगणारे हे झाड दर हिवाळ्यात शून्याखालच्या काही रात्री सोसते. टूसॉन शहरातील तुमामॉक टेकडीवर १९०३ मध्ये वाळवंट प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे काम करणाऱ्या फॉरेस्ट श्रीव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. सग्वारो गोठवणारी एक रात्र सहज काढतो, मात्र दुसऱ्या दिवशी तापमान शून्याच्या वर गेले पाहिजे. तसे न होता गोठण सलग दिवसभर टिकली, तर तो मरतो. म्हणून या झाडाच्या प्रदेशाची उत्तरेकडची सीमा आणि डोंगरावरची वरची सीमा थंडीने आखली आहे, आणि त्या सीमेजवळ ते बहुधा दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरच आढळते. किमान तापमान किती, यापेक्षा ते किती तास टिकले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

झाडाच्या आत काय घडते, तेही पाहू. निवडुंगाच्या खोडात पाण्याचे प्रमाण फार मोठे असते. तापमान शून्याखाली गेले, की बर्फाचे स्फटिक आधी पेशींच्या बाहेर, पेशींमधल्या पोकळ्यांत तयार होतात. हा बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी आकसू लागते. गोठण थोडा वेळ टिकली, तर बर्फ वितळल्यावर पेशी ते पाणी परत घेते आणि सावरते. गोठण लांबली तर पेशी एवढी कोरडी पडते, की तिचे पातळ आवरण फाटते. आणि बर्फ खुद्द पेशीच्या आत तयार झाला, तर ती वाचत नाही. अशा मेलेल्या पेशींतला रस आसपास झिरपतो, आणि म्हणूनच थंडीने मारलेला भाग प्रथम काचेसारखा ओलसर, अर्धपारदर्शक दिसतो, मग मऊ पडतो आणि काही दिवसांनी काळा किंवा तपकिरी होतो.

यावरून हेही उमजते, की खोडात पाणी जितके कमी आणि साखरेसारखे विरघळलेले पदार्थ जितके जास्त, तितका निवडुंग काटक. कॅनडातल्या कडाक्याच्या हिवाळ्यातही तग धरणारे फड्या निवडुंगाचे काही बुटके भाईबंद आहेत. शरद ऋतूपासूनच ते खोडातले पाणी कमी करत जातात, त्यांची फडी सुरकुततात आणि जमिनीवर आडवी होतात. पाहणाऱ्याला झाड मेले असे वाटावे, अशी ती अवस्था असते, पण तीच त्यांची सुरक्षा असते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. दिवाळीच्या सुमारास बाग टवटवीत दिसावी म्हणून निवडुंगांनाही बाकीच्या झाडांबरोबर पाणी आणि नत्रयुक्त खत दिले जाते, त्यातून कोवळी, रसरशीत वाढ फुटते आणि डिसेंबरच्या पहिल्या थंड लाटेत तीच आधी बळी पडते. म्हणून थंडीची तयारी दसऱ्यापासून धरावी. नत्र बंद करावे, पाण्याच्या पाळ्या लांबवत न्याव्यात आणि डिसेंबर लागेपर्यंत जमिनीत मुरलेल्या मोठ्या निवडुंगाचे पाणी पूर्णपणे तोडावे. खोडाच्या कडा थोड्या आत ओढल्यासारख्या दिसू लागल्या, तर घाबरून पाणी देऊ नये. नाशिकच्या हिवाळ्यात दोन-अडीच महिने पाण्याविना काढणे हे मोठ्या झाडाला मुळीच जड नाही.

मोठे झाड आणि लहान झाड यांतला फरकही मोठा आहे. जाड खोडातला पाण्याचा साठा दिवसभर तापतो आणि रात्री हळूहळू थंड होतो, त्यामुळे हातभर व्यासाच्या खांबाचा गाभा पहाटेपर्यंत बऱ्यापैकी उबदार राहतो. बारीक खोडाला ही सोय नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील पार्क नोबेल यांनी १९८० च्या सुमारास निवडुंगांच्या शेंड्यांची तापमाने मोजून आणि गणिती प्रतिकृती वापरून दाखवले, की खोडाची जाडी, शेंड्यावरची लव आणि काट्यांची दाटी या तिन्ही गोष्टी शेंड्याचे किमान तापमान वर उचलून धरतात. सोनोरन वाळवंटातील ऑर्गन पाइप नावाचा बारीक खांबांचा निवडुंग सग्वारोइतका उत्तरेकडे जाऊ शकत नाही, हे याच्याशी जुळते. नोबेल यांनी आणखी एक गोष्ट तपासली: सग्वारोची रोपे पालो व्हर्देसारख्या झाडांच्या आडोशाला का वाढतात? वरच्या झाडाची फांदी उन्हाळ्यात सावली देते हे खरेच, परंतु हिवाळ्याच्या रात्री ती आकाश झाकते आणि रोपाचा शेंडा थंड होऊ देत नाही. आपल्या बागेत बाभूळ, शेवगा किंवा एखादे विरळ पानांचे झाड हे काम उत्तम करू शकते.

सारा जीव शेंड्यात असतो, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. खांबासारख्या निवडुंगाच्या टोकाकडे जवळून पाहावे: कडा एकत्र येतात तेथे एक लहानशी खोलगट जागा असते, तिच्यात पांढरी किंवा पिवळसर लोकर दाटलेली असते आणि त्या लोकरीतून कोवळे, अजून रंग न भरलेले काटे वर डोकावत असतात. नवी वाढ फक्त तेथूनच होते. ही जागा सरळ आकाशाकडे तोंड करून असल्यामुळे सर्वांत आधी थंड होते आणि ती मेली तर खांब उभा राहतो, पण त्याची उंची कायमची थांबते. पुढे बगलेतून फांद्या फुटल्या तरी त्याचा मूळ घाट परत येत नाही. म्हणूनच अॅरिझोनातील लोक थंडीच्या रात्री उंच निवडुंगांच्या प्रत्येक टोकावर थर्माकोलचा पेला उपडा घालतात. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या पेल्यांवर बंदी आहे आणि त्यांची गरजही नाही. लोकरीची जुनी कानटोपी, गोणपाटाचे दुहेरी टोपडे किंवा नारळाच्या काथ्याची कुंडी उपडी घालून दोरीने सैल बांधली, तरी तेच काम होते. पंधरा फुटांचा खांब पूर्ण गुंडाळणे कुणाला शक्य नसते. त्याची टोके झाकली, की बहुतेक काम झाले असे समजावे.

चार-पाच फुटांपर्यंतच्या झाडांना मात्र पूर्ण झाकावे. पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करत नाही. गोधडी जशी आपल्याच अंगाची ऊब अडवून धरते, तसे ते जमिनीतून रात्रभर वर येणारी ऊब अडवते. त्यामुळे कापड जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे आणि त्याच्या कडा दगड-विटांनी दाबल्या गेल्या पाहिजेत. कापड खोडाभोवती आवळून मध्येच बांधले, तर जमिनीची ऊब आत येतच नाही आणि पांघरूण जवळजवळ निरुपयोगी ठरते. कलिंगड आणि पपईच्या रोपांवर आपले शेतकरी जे पांढरे, हलके क्रॉप कव्हर घालतात, ते यासाठी सर्वांत चांगले. ते श्वास घेते, हलके असते आणि दोन-तीन दिवस तसेच राहिले तरी झाडाला त्रास होत नाही. गोणपाट स्वस्त आणि उबदार आहे, पण ते दव पिते, जड होते आणि ओलसर राहिले तर शेंड्यावर बुरशी आणते, म्हणून ते रोज सकाळी काढून उन्हात वाळवले पाहिजे. प्लॅस्टिकचा कागद थेट झाडावर कधीही घालू नये. तो जेथे खोडाला टेकतो तेथे थंडी सरळ आत जाते, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब साचतात, आणि सकाळी तो काढायचा राहिला तर नऊ-दहा वाजेपर्यंत आतले झाड उन्हात उकडते.

द्राक्षबागेतले उपाय आणि निवडुंगाचे उपाय येथे वेगळे होतात. थंडीच्या रात्री बागायतदार विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सोडतात, आणि ते शास्त्राला धरून आहे: ते पाणी हवेपेक्षा उबदार असते, शिवाय ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर पोहोचवते. निवडुंगाला मात्र हेच पाणी मारक ठरते, कारण थंड आणि ओल्या मातीत त्याची मुळे निष्क्रिय असतात आणि बुरशीला आयते रान मिळते. शेकोट्यांचे तसे नाही. पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांची उष्णता आणि त्यामुळे होणारी हवेची घुसळण यांचा लाभ निवडुंगालाही मिळतो. धुरामुळे ऊब अडते ही समजूत मात्र फारशी खरी नाही, कारण धुराचे सूक्ष्म कण अवरक्त किरण फारसे अडवू शकत नाहीत. घराच्या अंगणात शेकोटीपेक्षा साधा, तारेचा तंतू असलेला जुन्या पद्धतीचा दिवा पांघरुणाखाली जमिनीजवळ लावणे सोपे पडते. एलईडी दिवा जवळजवळ उष्णताच देत नाही, त्यामुळे तो येथे उपयोगाचा नाही. दिवा कापडाला किंवा खोडाला टेकणार नाही आणि वायर दवात भिजणार नाही, याची खात्री करावी, कारण कोरडे गोणपाट झटकन पेट घेते.

नाशिकच्या मोठ्या निवडुंगांचा खरा शत्रू निव्वळ थंडी आहे, असे मला वाटत नाही. टूसॉनमध्ये जानेवारीच्या रात्री सरासरीने चार-पाच अंशांवर जातात, नाशिक शहरात त्या साधारण दहा अंशांच्या आसपास असतात. प्रौढ सग्वारो उणे ७ अंशांच्या आसपासची थंडी काही तास सोसतो. सोनेरी गोल निवडुंग कोरडा असेल तर शून्याखालचे काही अंश सहन करतो. पेरू देशाचा म्हणून ओळखला जाणारा, आपल्याकडे सर्वत्र दिसणारा खांबी निवडुंगही हलके दहिवर झेलतो. या झाडांसाठी शहरातली थंडी चिंतेची नाही. धोका आहे तो अवकाळी पाऊस आणि त्यापाठोपाठ येणारी थंडी या जोडीचा. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड तालुक्यात पाऊस आणि गारपीट दोन्ही झाले. अशा वेळी भिजलेली काळी माती आठ-आठ दिवस वाळत नाही, गारांनी खोडावर जखमा होतात आणि मागोमाग पारा उतरतो. वाळवंटातल्या खडकाळ, उतरत्या जमिनीत ही वेळ क्वचित येते. आपल्या काळ्या मातीत निवडुंग लावायचा असेल, तर गुडघाभर उंचीचा, मुरूम, जाड वाळू आणि खडी यांचा उंचवटा करूनच लावावा आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याऐवजी खडी पसरावी.

काही जाती मात्र थेट थंडीलाच भितात. ब्राझीलमधून आलेला सुंदर निळसर खांबांचा निवडुंग सध्या सजावटीत फार मागितला जातो. त्याला शून्याच्या बरेच वर असतानाच त्रास होऊ लागतो आणि खोडावर तांबूस डाग पडतात. डोक्यावर लाल टोपी घातल्यासारखा दिसणारा मेलोकॅक्टस दहा अंशांखाली सुखी नसतो. ड्रॅगन फ्रूट हाही निवडुंगच आहे, आणि जिल्ह्यात त्याची लागवड करणाऱ्यांनी निफाडसारख्या सखल भागात चार अंशांखालच्या रात्री कोवळे शेंडे झाकण्याची तयारी ठेवलीच पाहिजे. रंगीत गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या छोट्या निवडुंगांची कलमे याच वेलावर केलेली असतात, त्यामुळे ती कुंडीसह आत घ्यावीत. कुंपणाला लावलेला त्रिधारी निवडुंग खरे तर निवडुंगाच्या कुळातला नाही. त्याला कापले की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून त्याला झाकताना किंवा छाटताना चष्मा आणि हातमोजे घालावेत.

थंडीचा फटका बसलाच, तर पुढे काय करावे, याविषयी सग्वारोचा इतिहास बरेच शिकवतो. सग्वारोंच्या रक्षणासाठी टूसॉनजवळ १९३३ मध्ये संरक्षित क्षेत्र जाहीर झाले, जे १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान बनले. स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत तेथील जुनी झाडे मोठ्या संख्येने सडून कोसळू लागली. जिवाणूंचा रोग समजून १९४० च्या दशकात सडलेली झाडे तोडून पुरण्यातही आली, तरी मर थांबली नाही. पुढे वॉरन स्टीनबर्ग आणि चार्ल्स लो यांच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले, की मूळ घाव थंडीचा होता. १९३७ च्या जानेवारीसारख्या तीव्र गोठणीने पेशी मेल्या आणि जिवाणू नंतर त्या मेलेल्या भागात शिरले. थंडीने इजा झालेला मोठा निवडुंग लगेच कोसळत नाही, कधी कधी त्याला वर्षे लागतात. सग्वारोच्या काही फांद्या गोठणीनंतर खाली लोंबू लागतात आणि पुढे टोकाकडून पुन्हा वर वळतात; त्या चमत्कारिक वळणांत जुन्या हिवाळ्याची खूण उरते.

त्यामुळे काळा डाग दिसताच कोयता घेऊन धावू नये. मेलेला आणि जिवंत भाग यांच्यातली सीमा स्पष्ट व्हायला काही आठवडे लागतात, आणि वरचा मेलेला थर पुढच्या थंड रात्रीत खालच्या जिवंत भागाचे रक्षणही करतो. डाग कोरडा, कडक आणि खपलीसारखा असेल, तर त्याला हात लावण्याचे कारणच नाही. होळीपर्यंत थांबावे, तोपर्यंत बोटाने दाबून पाहत राहावे आणि मऊपणा खाली सरकत असल्याचे, पाणी गळत असल्याचे किंवा आंबूस वास येत असल्याचे आढळले, तरच लगेच छाटावे. छाटणीला स्वच्छ, स्पिरिटने पुसलेले धारदार पाते घ्यावे, आणि आतला गर सर्वत्र एकसारखा हिरवट-पांढरा दिसेपर्यंत, एकही तपकिरी ठिपका न उरेपर्यंत खाली कापत जावे. काप आडवा न ठेवता तिरका ठेवावा, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. त्यावर गंधकाची भुकटी किंवा द्राक्षाच्या छाटणीनंतर लावतात ती बोर्डो पेस्ट लावून तो उघडाच ठेवावा. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत त्यावर जाड, टणक साल धरते, आणि मृगाचा पहिला पाऊस येण्यापूर्वी ती पूर्ण वाळलेली नसेल, तर तेवढ्या भागावर पावसाळाभर हवा खेळती राहील असे उंचावरून छोटेसे छप्पर उभारावे.